दोष माणसात की मांडणीत? गेम थिअरी, नेटवर्कचे गणित आणि रोजचे व्यवहार

बिंदुरेषा (धागाकर्ता)

मोठ्या ग्रुपवर कोणीतरी विचारते, "हे काम कोण करेल?" सगळे वाचतात, बोलत कोणीच नाही. विचारणाऱ्याला वाईट वाटते आणि थोड्या दिवसांत निष्कर्ष निघतो की आपली माणसेच निरुत्साही आहेत. हाच प्रश्न त्यातल्या कोणा एकाला वेगळा फोन करून विचारला असता, तर तो बहुधा "हो, करतो की" म्हणाला असता. माणूस तोच, काम तेच. बदलली ती फक्त मांडणी.

मी बरीच वर्षे गेम थिअरी (एकाचा निर्णय इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असतो अशा प्रसंगांचे गणित) आणि नेटवर्कचे, म्हणजे कोण कोणाशी जोडलेले आहे याचे, गणित आवडीने वाचतो आहे, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. रोजच्या कुरबुरींत आपण फार लवकर स्वभावाला हात घालतो. अमका आळशी, तमकी अलिप्त, हा गट दबलेला, तो गट उत्साही. पण कोणाला काय दिसते, कोण कोणाशी जोडलेले आहे आणि कोणाच्या निर्णयाचा त्रास कोणाला होतो, एवढे कागदावर मांडून पाहिले तर बऱ्याचदा स्वभावाला दोष देण्याची गरजच उरत नाही. स्वभाव बदलणे जवळजवळ अशक्य असते, मांडणी मात्र एका संध्याकाळी बदलता येते. म्हणून मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो.

गेम थिअरीची ओळख सहसा कैद्यांच्या पेचाने करून देतात. १९५० साली रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी तो खेळ मांडला, अल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांची गोष्ट जोडली. गाभा असा: दोघांनी सहकार्य केले तर दोघांचे भले, पण एकेकट्याला दगा देणे फायद्याचे ठरते आणि शेवटी दोघेही तोट्यात जातात. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. रोजच्या आयुष्यात मला त्याहून जास्त वेळा भेटतो तो 'स्वयंसेवकाचा पेच'. जर्मन समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमन यांनी तो १९८५ मध्ये मांडला.

समजा एक काम आहे. कोणीही एकाने केले तरी गटातल्या प्रत्येकाला ४ एकक फायदा होतो. करणाऱ्याला १ एकक त्रास होतो. कोणीच केले नाही तर सगळ्यांच्या हाती शून्य. म्हणजे करणाऱ्याच्याही पदरात ३ पडतातच, काम करणे तोट्याचे मुळीच नाही. तरी दुसऱ्याने केले तर आपल्याला पूर्ण ४ मिळतात, म्हणून प्रत्येक जण क्षणभर थांबून पाहतो.

सगळे सारख्याच परिस्थितीत असतील आणि आपसात बोलणे झालेले नसेल, तर 'मी करतो' आणि 'वाट पाहतो' हे दोन्ही पर्याय जिथे सारखेच फायद्याचे ठरतात तिथे समतोल बसतो. हिशेब केला की त्या जागी 'माझ्याखेरीज इतर कोणीच करणार नाही' याची शक्यता बरोबर १/४ निघते, म्हणजे त्रास भागिले फायदा. गट केवढा आहे याचा या आकड्याशी संबंध नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. दोघेच असतील तर समोरचा गप्प राहण्याची शक्यता १/४, म्हणजे प्रत्येक जण ७५ टक्के वेळा पुढे येतो. पाच जण असतील तर बाकीच्या चौघांनी एकदम गप्प राहण्याची शक्यता १/४ व्हायला हवी, त्यासाठी एकेकाची गप्प राहण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के लागते. दहा जणांत ती ८६ टक्क्यांवर जाते.

आता काम अजिबातच न होण्याची शक्यता पाहा. दोघांत ती सुमारे ६ टक्के, पाच जणांत १८, दहांत २१, आणि गट वाढवत नेला की २५ टक्क्यांकडे सरकत राहते. मदतीला माणसे जितकी जास्त, तितकी काम पडून राहण्याची शक्यता जास्त! आणि यात कोणीही आधीपेक्षा आळशी झालेले नाही.

दुसरे उदाहरण मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७८ च्या उंबरठ्याच्या प्रारूपाचे. त्यांनी ते शंभर लोकांच्या जमावावर मांडले होते, मी दहा जणांवर आणतो. कामाची वेळ संपली आहे, पण खोलीतून कोणी उठत नाही. प्रत्येकाच्या मनात एक आकडा, म्हणजे त्याचा उंबरठा, आहे: इतके जण उठले की मीही उठेन. पहिल्याचा आकडा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे करत दहाव्याचा ९. पहिला उठतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा. थोड्याच वेळात खोली रिकामी.

आता फक्त एक बदल करा. ज्याचा आकडा १ होता त्याचा २ करा. पहिला उठतो, निघून जातो. पुढचा उठायला दोन जण उठलेले हवेत, पण उठला आहे एकच. बाकीचे नऊ जण बसून राहतात. दोन्ही खोल्यांतल्या लोकांची मनःस्थिती जवळजवळ तंतोतंत सारखी आहे. तरी बाहेरून पाहणारा पहिल्या खोलीला 'इथले वातावरण मोकळे' म्हणेल आणि दुसरीला 'इथे दडपण फार'. एका माणसाच्या एका आकड्याचा फरक, आणि आपण अख्ख्या गटाच्या स्वभावावर निकाल देऊन मोकळे होतो.

सभेत पहिला प्रश्न विचारणे, पालकांच्या बैठकीत शंका काढणे, टाळ्या थांबवणे, नवी पद्धत वापरायला घेणे, या सगळ्याला हे लागू पडते. तुम्हाला कुठे असे दिसले आहे? गणिताचे जाणकार असतील त्यांनी नेटवर्कची बाजू जरूर मांडावी, मी ती मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

---

अनवट

फार आवडला धागा. मोठ्या गटात माणूस पुढे येत नाही हे प्रयोगातही दिसले आहे. जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवर बोलत होते आणि एकाला मध्येच अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत ६२ टक्के. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत फक्त ३१ टक्के.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. संशोधकांनी नोंदवले आहे की त्यांच्यातले बरेच जण अस्वस्थ होते, हात थरथरत होते. म्हणूनच प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात की गर्दीकडे पाहून "कोणीतरी फोन करा" असे ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवा आणि "निळा शर्ट, तुम्ही फोन करा" असे सांगा. त्या क्षणी गट एका माणसाचा होतो.

---

कोरा कागद

वाचायला छान आहे, पण ४ आणि १ हे आकडे आले कुठून? घरातल्या किंवा ऑफिसातल्या कोणीही मनात १/४ चा हिशेब करून गप्प बसत नाही. माणसे सवयीने, संकोचाने, कधी प्रेमाने वागतात. आधी आकडे गृहीत धरायचे आणि मग त्यातून माणसाबद्दल निष्कर्ष काढायचे, हे मला धोक्याचे वाटते.

---

बिंदुरेषा

@कोरा कागद, प्रश्न अगदी योग्य. ४ च्या जागी ४० घ्या किंवा दीड घ्या. त्रास फायद्यापेक्षा कमी आहे एवढी एकच अट पाळली तर टक्के बदलतात, दिशा बदलत नाही. गट वाढला की न होण्याची शक्यता वाढतेच. मला प्रारूपातून दिशा हवी असते, टक्के नकोत. "आपल्या ग्रुपमध्ये २१ टक्के वेळा काम होणार नाही" असे कोणी सांगू लागला तर मीही तुमच्याच बाजूने उभा राहीन.

आणि माणसे हिशेब करत नाहीत हेही खरे. पण संकोच म्हणजे तरी काय? "मी पुढे झालो आणि दुसराही झाला तर?", "माझ्यापेक्षा जाणकार कोणी असेल", हे विचार इतरांच्या संभाव्य वागण्यावरच उभे आहेत. ज्या प्रसंगात माझा निर्णय तुमच्या निर्णयाच्या अंदाजावर अवलंबून आहे, तिथे कागदावर मांडून पाहायला हरकत नसावी.

---

सांजवेळ

मला इथे वेगळे काही म्हणायचे आहे. तुम्ही जो समतोल मांडलात त्यात सगळे सारखे आहेत. घरात सगळे सारखे नसतात. घरात हा पेच रोज असतो: औषधे संपली हे कोणाच्या लक्षात येणार, मुलाच्या शाळेचा निरोप कोण वाचणार, आजारी माणसाच्या तपासणीची तारीख कोण ठरवणार. आणि तिथे काम पडून राहत नाही. ते होते. दर वेळी एकाच व्यक्तीकडून होते.

तुमच्याच खेळात पाहिले तर हाही समतोल आहे ना? एक जण नेहमी करते, बाकीचे कधीच करत नाहीत. करणारीने थांबवले तर तिच्याही हाती शून्य, म्हणून ती थांबवत नाही. बाकीच्यांनी पुढे येण्याचे कारण नाही, कारण काम होणारच आहे. एकट्याने वागणे बदलून कोणाचाच फायदा नाही. नॅश समतोलाची व्याख्या अगदी पूर्ण होते. आणि तो जन्मभर टिकतो.

मग ही व्यक्ती निवडली कशी जाते? जिला काम न झाल्याचे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वाईट वाटते, ती. म्हणजे जिचे मन जास्त गुंतलेले, तिच्यावर भार. वर तिला ऐकवले जाते की "तुला आवडतेच ना ते सगळे". मला गणित फार येत नाही, पण एवढे कळते की एखादी व्यवस्था स्थिर आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही. तुमच्या विषयात याला उत्तर आहे का?

---

अनवट

@सांजवेळ, याला माझे +१००.

---

बिंदुरेषा

@सांजवेळ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. होय, या खेळात गटात जितकी माणसे, तितके असे एकतर्फी समतोल असतात, आणि कोणता बसेल हे गणित सांगत नाही. त्रास सहन न होणारी व्यक्ती त्यात अडकते हे निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे. समतोल म्हणजे फक्त 'एकट्याने बदलून फायदा नाही' अशी जागा. चांगली जागा असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

उत्तराची सुरुवात मला रॉबर्ट ऑमन यांच्या १९७४ च्या कामात दिसते. त्यांनी 'सहसंबंधित समतोल' ही कल्पना मांडली. सगळ्यांना दिसेल अशी बाहेरची एक खूण ठरवायची: तारीख, वार, नाणेफेक, काहीही. ती खूण कोणी काय करायचे ते सांगते. चौकातला सिग्नल हे त्याचे नेहमीचे उदाहरण. लाल दिवा लागल्यावर थांबणे हे माझ्याच हिताचे, कारण आडव्या रस्त्यावरच्याला हिरवा आहे हे मला माहीत आहे.

पाळी लावणे म्हणजे नेमके हेच. आज माझा वार आहे, म्हणजे इतर कोणी करणार नाही, म्हणजे मी न केल्यास शून्य आणि केल्यास ३. खूण पाळण्यात माझाच फायदा. वर्षभराची बेरीज केली तर भार सगळ्यांवर सारखा पडतो. एकतर्फी समतोलात जेवढे काम होत होते तेवढेच होते, फक्त एकाच्या पाठीवरून उतरून सगळ्यांत वाटले जाते. 'ज्याला जमेल त्याने करावे' हे वाक्य ऐकायला फार उदार वाटते, पण व्यवहारात ते एकाच माणसाला जुंपते.

---

दुवा

नेटवर्कची बाजू मी मांडतो. उंबरठ्याच्या उदाहरणात प्रत्येकाला अख्खी खोली दिसते असे धरले आहे. आयुष्यात तसे नसते. आपल्याला दिसतात ते आपले ओळखीचे, आणि ओळखीच्यांचा हा नमुना मुळातच तिरका असतो.

१९९१ मध्ये स्कॉट फेल्ड यांनी दाखवले की सरासरी पाहिली तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. पाच माणसे घ्या. एक जण मध्ये, तो बाकी चौघांशी जोडलेला, त्या चौघांची आपसात ओळख नाही. मधल्याला ४ मित्र, इतरांना प्रत्येकी १. सरासरी १.६. आता प्रत्येक मैत्रीच्या दोन्ही टोकांनी उभे राहून 'समोरच्याला किती मित्र?' असे विचारत जा. आठ उत्तरे मिळतील: चार वेळा ४ आणि चार वेळा १. सरासरी २.५. ज्याच्या ओळखी जास्त, तो जास्त लोकांच्या यादीत येतो आणि जास्त वेळा मोजला जातो, एवढेच कारण. सगळ्यांच्या ओळखी अगदी सारख्या असतील तरच हा फरक नाहीसा होतो.

म्हणजे "सगळ्यांचे किती छान चालले आहे, मीच मागे" ही भावना बऱ्याच अंशी मोजणीतून येते. जे सतत भेटतात, लिहितात, फोटो टाकतात, तेच आपल्याला सतत दिसतात. शांत माणूस कमी लोकांच्या नजरेत असतो. ज्यांना अशा तुलनेने खरोखर त्रास होतो, त्यांच्यापर्यंत हे साधे गणित पोचावे असे मला फार वाटते.

याचा उपयोगही झाला आहे. २००९ च्या फ्लूच्या साथीत निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी हार्वर्डमध्ये सरसकट निवडलेल्या विद्यार्थ्यांना आपापल्या मित्रांची नावे विचारली आणि त्या मित्रांवरही लक्ष ठेवले. मित्रांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी पोचली. कोणाच्या ओळखी किती हे मोजण्याची गरजच पडली नाही. 'मित्राचे नाव सांग' एवढ्या प्रश्नाने ओळखींच्या जाळ्याच्या (नेटवर्कच्या) मध्याजवळची माणसे आपोआप सापडली.

आता हे उंबरठ्याशी जोडा. दहा माणसे आहेत. त्यातली दोन सगळ्यांच्या ओळखीची. बाकी आठ जणांच्या चार जोड्या. म्हणजे या आठांतल्या प्रत्येकाला तीनच माणसे दिसतात: ती दोन आणि आपला जोडीदार. त्या दोघांनी एखादी गोष्ट सुरू केली तर आठही जणांना तिघांपैकी दोघे ती करताना दिसतात. प्रत्येकाची खात्री पटते की बहुसंख्य लोक हेच करतात. प्रत्यक्षात दहांत दोनच! २०१६ मध्ये क्रिस्टिना लर्मन आणि सहकाऱ्यांनी याला 'बहुमताचा भास' असे नाव देऊन त्याचा अभ्यास केला.

एखाद्या गटात सगळे रात्री उशिरापर्यंत मेल पाठवतात असे वाटत असेल, तर आधी मोजून पाहा. कदाचित दोघेच पाठवत असतील, पण ते दोघे सगळ्यांच्या यादीत असतील.

---

कोरा कागद

@दुवा, हे उदाहरण वहीत काढून पाहिले. पटले. भास मोडण्याचा उपाय मग काय?

---

दुवा

सगळ्यांचे मत एकाच वेळी आणि नाव न घालता विचारायचे. हात वर करून विचारले तर पुन्हा उंबरठ्यांचा खेळ सुरू होतो, कारण जो तो आधी आजूबाजूला पाहतो. चिठ्ठीवर लिहून घेतले की प्रत्येकाचे स्वतःचे मत मिळते. बैठकीत सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने शेवटी बोलावे, हेही त्याच कारणाने चांगले. माणसांमधला दुवा कापता येत नसेल तर माहितीचा क्रम तरी बदलता येतो.

---

पायवाट

मांडणीचा विषय निघाला आहे तर ब्राएसचा विरोधाभास यायलाच हवा. डीट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञाने तो १९६८ मध्ये मांडला. ४००० गाड्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघाल्या आहेत. दोन मार्ग आहेत. प्रत्येक मार्गात एक अरुंद तुकडा, ज्याला त्यावरच्या गाड्या भागिले १०० इतकी मिनिटे लागतात, आणि एक रुंद तुकडा, ज्याला कितीही गर्दी असली तरी ४५ मिनिटे. एका मार्गात अरुंद तुकडा आधी, दुसऱ्यात नंतर. गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात, प्रत्येकाला २० अधिक ४५ म्हणजे ६५ मिनिटे.

आता मध्ये एक जोडरस्ता बांधला, ज्याला वेळच लागत नाही. सगळ्यांना वाटते की रुंद तुकडा टाळून दोन्ही अरुंद तुकडे घ्यावेत. ४००० गाड्या दोन्ही अरुंद तुकड्यांवर: ४० अधिक ४०, म्हणजे ८० मिनिटे. आणि एकट्याने जुन्या मार्गाला जायचे म्हटले तर ८५. रस्ता वाढला, प्रत्येकाचा प्रवास १५ मिनिटांनी लांबला, आणि कोणालाही एकट्याने त्यातून बाहेर पडता येत नाही. टिम रफगार्डन आणि एवा टार्डोश यांनी २००२ मध्ये दाखवले की वेळ गर्दीच्या सरळ प्रमाणात वाढत असेल तर अशा स्वयंनिर्णयात सगळ्यांना मिळून लागणारा वेळ सर्वोत्तम आखणीतल्या वेळेच्या ४/३ पटीपलीकडे जात नाही. वाईट आहे, पण त्याला मर्यादा आहे.

रस्त्याबाहेरही मला हे दिसते. कार्यालयात एखादी तत्पर व्यक्ती असते. ठरलेली पद्धत सोडून सगळे थेट तिलाच विचारू लागतात, कारण प्रत्येकाला तो जवळचा रस्ता वाटतो. थोड्याच काळात ती व्यक्ती कोंडीत सापडते आणि सगळ्यांचीच कामे आधीपेक्षा उशिरा होतात. मग दोष तिला मिळतो, "हल्ली ती उत्तरच देत नाही". तो जोडरस्ता बंद केला तर तिचाही जीव वाचेल आणि इतरांचा वेळही.

---

निरंतर

सगळे वाचले. मनात एक शंका डाचते आहे. हे सगळे शिकून माणूस प्रत्येक नात्याकडे डाव म्हणून पाहू लागणार नाही का? समोरच्याला खेळवण्यासाठी हे ज्ञान वापरणारे कमी नसतील.

---

बिंदुरेषा

@निरंतर, काळजी रास्त आहे. मला मात्र या विषयातले सर्वांत सुंदर निष्कर्ष उलट दिशेचे वाटतात. रॉबर्ट अॅक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास कैद्यांच्या पेचाची संगणकीय स्पर्धा घेतली. पहिल्या स्पर्धेत १४ डावपेच आले होते, प्रत्येक सामना २०० खेळ्यांचा. जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला सर्वांत छोटा डावपेच, जशास तसे: पहिल्यांदा सहकार्य करायचे, पुढे समोरच्याने मागच्या खेपेला जे केले तेच करायचे. दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रवेशिका आल्या, तरी पुन्हा तोच जिंकला. आणि या डावपेचाला कोणत्याही एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत. त्याने कोणालाही हरवले नाही. समोरच्याकडून सहकार्य काढून घेत घेत तो एकूण बेरजेत पुढे गेला.

एक अडचण मात्र आहे, आणि नात्यांत तीच सर्वांत जास्त छळते: गैरसमज. जशास तसे खेळणारे दोघे असतील आणि एकाचे एक पाऊल चुकून वाकडे पडले, किंवा दुसऱ्याला तसे वाटले, तर आज याने दुखवायचे, उद्या त्याने, अशी उट्टी काढण्याची साखळी सुरू होते आणि थांबत नाही. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी १९९२ मध्ये दाखवले की चुका होणाऱ्या जगात उदार डावपेच वरचढ ठरतो: सहकार्याला नेहमी सहकार्य, आणि दगाफटक्यालाही अधूनमधून सहकार्य. अॅक्सलरॉडच्या स्पर्धेतली गुणपद्धत धरली तर माफीचे हे प्रमाण तीनात एक येते. निरोपाला उत्तर आले नाही, बोलणे तुटक वाटले, अशा ठिकाणी चुकीची शक्यता मोठी असते. तिथे पहिला आघात सोडून देणे हा दुबळेपणा नाही, साखळी तोडण्याचा तोच एक मार्ग आहे.

---

अनवट

@दुवा, तुमच्या मुद्द्याला थोडी जोड. बातमी पसरणे आणि सवय पसरणे यांचे जाळे वेगवेगळे असते. बातमीला एक ओळखीचा पुरतो, आणि तिथे दूरचे दुवे कामाला येतात. सवयीसाठी तेच वागणे दोन-तीन ओळखीच्यांत दिसावे लागते. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये १,५२८ लोकांवर केलेला ऑनलाइन प्रयोग प्रसिद्ध आहे. घट्ट गुंफलेल्या जाळ्यांत नवे वागणे सरासरी ५४ टक्के लोकांपर्यंत पोचले, विस्कळीत जोडलेल्या जाळ्यांत ३८ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे चालायला जाण्याची सवय लावायची असेल तर वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा जणांना सांगण्यापेक्षा एकमेकांना ओळखणाऱ्या तिघांनी एकत्र सुरुवात करावी.

---

पायवाट

आणि नोकरी शोधत असाल तर नेमके उलट. ग्रॅनोव्हेटर यांचाच १९७३ चा सिद्धांत: जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते, नवी बातमी येते ती तुरळक ओळखीतून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगात त्याला मोठा आधार मिळाला. अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम कमकुवत ओळख सर्वांत उपयोगी ठरली. जुन्या सहकाऱ्याला सहज निरोप टाकायला संकोच करू नका.

---

सांजवेळ

@बिंदुरेषा, पाळीचे उत्तर समजले आणि आवडलेही. पण तुमच्या हिशेबात एक भोक आहे. "आज माझा वार, म्हणजे इतर कोणी करणार नाही" असे तुम्ही धरले. घरात सगळ्यांना माहीत असते की पाळी चुकली तरी मी करणारच. मला राहवणार नाही. मग त्यांच्या दृष्टीने पाळी पाळण्याचे कारण उरतेच कुठे?

---

बिंदुरेषा

@सांजवेळ, हे भोक खरे आहे आणि सबंध व्यवस्था त्यातून गळू शकते. टॉमस शेलिंग यांनी १९६० च्या सुमारास यावर जे लिहिले ते इथे लागू पडते: काही प्रसंगी स्वतःचे पर्याय कमी केल्याने माणसाचे बळ वाढते. "मी करणार नाही" असे नुसते म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तुम्ही करू शकता हे सगळ्यांना दिसते. तुम्ही करूच शकत नाही अशी स्थिती हवी. दुसऱ्याच्या पाळीच्या दिवशी त्या वेळी घरात नसणे. शाळेचे निरोप फक्त त्याच्याच फोनवर येतील अशी नोंद बदलणे. तपासणीची तारीख ठरवण्याचा क्रमांक त्याच्याकडे देऊन आपल्याकडून काढून टाकणे. जाळ्याच्या भाषेत, माहितीचा दुवा तुमच्यापर्यंत येण्याआधीच वळवायचा. काम अडले आहे हे तुम्हाला कळलेच नाही, तर न राहवण्याचा प्रश्न येत नाही.

सुरुवात मात्र अशा कामांपासून करावी ज्यात एक-दोनदा चुकले तर कोणाच्या जिवावर बेतणार नाही. औषधांपासून नको, विजेच्या बिलापासून चालेल.

आणि पाळी चुकवणाऱ्याचे काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक पाणी, कुरणे, जंगल पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळणाऱ्या गटांचा अभ्यास केला. त्यांचे १९९० चे काम आणि २००९ चे नोबेल त्याबद्दलच. टिकलेल्या गटांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. कोणी नियम पाळला आणि कोणी नाही हे गटातल्या माणसांना स्वतः पाहता येत होते. आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी किरकोळ असायची, पुढे चुकत गेल्यास वाढत जायची. घरात याचा अर्थ भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता, आणि चुकलेल्याने पुढची एक पाळी जास्तीची घ्यायची. तक्ता भरण्याचे काम तेवढे तुम्ही घेऊ नका.

---

सांजवेळ

तक्ता मुलगा भरेल. शाळेच्या निरोपांचा फोन क्रमांक आजच बदलायला सांगितला आहे.

---

निरंतर

@सांजवेळ, महिन्याभराने इथे जरूर लिहा. आमच्याकडे चार जण आहेत आणि वार सात, तेव्हा उरलेल्या तीन दिवसांची वाटणी कशी करावी यावर जाणकारांनी सुचवावे.

---

दुवा

@निरंतर, वार नका धरू, तारीख धरा. महिन्याची तारीख भागिले चार, जी बाकी उरेल ती ज्याची त्याची पाळी. १ उरली तर पहिला, २ तर दुसरा, ३ तर तिसरा, शून्य उरली तर चौथा. महिना ३१ दिवसांचा असेल तर चौथ्याला एक पाळी कमी येते, म्हणून दर महिन्याला क्रमांक एकेकाने पुढे सरकवा.